७२५ किलोंची मौज

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या हेथेल गावी, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विमानतळाच्या जागेवर लोटस या मोटार कंपनीचा कारखाना आणि चाचणीचा ट्रॅक आहे. १९९६ साली इथून बाहेर पडू लागलेल्या एलिस या स्पोर्ट्स कारचं वजन होतं जेमतेम ७२५ किलो! वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवलेली तिची अ‍ॅल्युमिनियमची चासी अवघी ६८ किलोंची.

म्हणूनच ११८ अश्वशक्तीचं इंजिन तिला पुरून उरलं.

हलकेपणाची खरी गंमत वळणावर कळते. स्टिअरिंगला पॉवरची जोड नाही, त्यामुळे रस्त्याची खरखर थेट तळहातात उतरते. ट्रॅकवर ब्रेक उशिरा मारता येतो, शिवाय टायर आणि ब्रेक पॅडवरचा ताणही जड गाडीपेक्षा कमी.

निगा मात्र चोख हवी. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पार पुढे, मध्ये कूलंटचे लांबलचक पाइप. कूलंट बदलताना आत हवा अडकली, तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाऊ शकतं. जाणता मालक ट्रॅकवर उतरण्याआधी कूलंटची पातळी बघतो, ब्रेक फ्लुइड ताजं भरतो, चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासतो. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निवू देतो आणि तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावत नाही.

२०२१ मध्ये एलिसचं उत्पादन थांबलं. जुनी एलिस घेणाऱ्याने आधी खाली वाकून मागची पोलादी सबफ्रेम गंजली आहे का, ते पाहावं. फायबरग्लासच्या बॉडीला गंजाची भीती नाही, पण पुढचा भाग सलग एकाच तुकड्यात असल्याने किरकोळ धडकही महागात पडते.