शोटाइम

न्यूयॉर्कच्या सबवेत दोन स्टेशनांमधलं अंतर जरा लांब असलं की आरोळी उठते, ‘शोटाइम!’ आणि तीन-चार पोरं डब्यातल्या खांबांचा ताबा घेतात. हार्लेम-ब्रॉन्क्सच्या या नाचाला लाइटफीट म्हणतात. टोपी हातावरून, खांद्यावरून खेळवायची, खांबाला धरून उलटं व्हायचं, तेही धावत्या गाडीत. पाय बसलेल्यांच्या नाकासमोरून वीतभर अंतरावरून जातो. मी नाचणाऱ्यांचे डोळे बघत असते. उडीआधी नजर डब्यावरून फिरते: कुणाची पिशवी कुठे आहे, कोण उठायच्या बेतात आहे. ब्रेक लागायच्या आत तो त्यांच्या कमरेला कळलेला असतो.

हे कसब मला लोकलमुळे ओळखीचं आहे. दादरला उतरायचं तर कुर्ला सुटताच ओढणी सावरून, पर्स पोटाशी धरून दाराकडे सरकायचं. ‘दादर?’ एवढंच विचारलं की पुढची बाई खांदा वळवून वाट देते.

अंगाच्या या शहाणपणाला न्यूयॉर्कच्या नर्तकांनी फार गंभीरपणे घेतलं. स्टीव्ह पॅक्स्टनने १९६७ साली नुसतं चालणं, थांबणं आणि बसणं एवढ्यावर अख्खी नृत्यरचना उभी केली. १९७० मध्ये ट्रिशा ब्राउनच्या रचनेत दोरांनी बांधलेला एक माणूस सोहोतल्या वूस्टर स्ट्रीटवरच्या सात मजली इमारतीची भिंत चालत उतरला, अंग जमिनीला समांतर ठेवून. पुढच्या वर्षी तिने नर्तकांना गच्च्यांवर उभं केलं. पलीकडच्या गच्चीवरची हालचाल न्याहाळायची आणि जशीच्या तशी पुढच्या गच्चीकडे पोचवायची. मला तिची ही रचना सर्वांत प्रिय आहे. एकाचं दुसऱ्याकडे लक्ष असणं, एवढ्यावरच ती तोललेली आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्याच हाय लाइन परिसरात ती पुन्हा सादर झाली.

आणि याच शहरात २०१४ साली पोलिसांनी शोटाइमवाल्या पोरांची धरपकड वाढवली. गच्च भरलेल्या डब्यात नाचू नये, कुणाला भीती वाटत असेल तर थांबावं, हे मला मान्य आहे. पण शेजाऱ्याच्या अंगाचं इतकं भान असलेल्या मुलांना बेड्या घालणं मला अजिबात पटत नाही. फलाटावर नाचा, असं त्यांना सुचवलं जातं. वाजवणाऱ्यांची तिथे सोय आहेच, ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ या नावाने सुरू झालेला उपक्रम त्यासाठी १९८५पासून चालू आहे. पण या पोरांची सगळी विद्या गाडीच्या हेलकाव्यावर उभी आहे. फलाट तर हलत नाही. तिथे त्यांनी तोल साधायचा तो कशाशी?