गाईची निवड आणि ज्येष्ठांचे बळ



दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातील असंख्य घरांतील तरुण माणसे ऊसतोडीला जातात. मागे उरतात वृद्ध, नातवंडे आणि दावणीची गाय. सत्तरी ओलांडलेला मीही त्या मागे उरणाऱ्यांपैकीच. म्हणून गाईची जात हा मला ज्येष्ठांच्या प्रकृतीचाही प्रश्न वाटतो.

आमच्या भागातील जुनी गाय लाल कंधारी. ती ऊन सोसते, ज्वारीच्या कडब्यावर निभावते. दूध मात्र बेताचे देते. उलट होल्स्टिन व जर्सी यांच्या संकराने दूध वाढते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या नियोजित संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. मुकादमाची उचल फेडू पाहणाऱ्या माझ्या मुलाला जास्त दूध हवे असते, यात गैर काहीच नाही.

परंतु संकराचे गणित समजून घ्यावे. लाल कंधारीला जर्सीचे रेतन केले की कालवडीत 50 टक्के परकीय अंश येतो. तिला पुन्हा जर्सीचेच रेतन केले की पुढच्या पिढीत तो 75 टक्के होतो. त्यासोबत उष्णतेचा त्रास, पाण्याची गरज आणि गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांचा धोकाही वाढतो. मार्चच्या उन्हात धापा टाकणाऱ्या जनावरासाठी बादल्या वाहायच्या असतात त्या दुखऱ्या गुडघ्यांनीच. मागे फिरणेही सोपे नाही. 50 टक्के अंशाच्या कालवडीपासून पुढे सलग 3 पिढ्या शुद्ध लाल कंधारीचे रेतन केले, तरी सुमारे 6 टक्के परकीय अंश उरतो.

देशी गाईचे ‘ए-टू’ दूध औषध समजून महागात घेणाऱ्या समवयस्कांना एक सांगावेसे वाटते. ते रोग बरे करते, असे सिद्ध झालेले नाही. दूध कोणत्याही गाईचे असो, उकळूनच प्यावे. देशी वाणाचे खरे मोल त्याच्या काटकपणात आहे.

यंदा आमच्या घरी ठरले ते असे: संकरित गाय एकच ठेवायची, आणि लाल कंधारीला लाल कंधारीचेच रेतन करायचे. तारीख व वळूची जात वहीत लिहून ठेवली आहे. आपणही पशुवैद्यांना बोलावण्यापूर्वी, वर्षातील निम्मे दिवस ती दावण ज्यांच्या हाती राहणार आहे, त्या ज्येष्ठांना अवश्य विचारावे.