मी नकली ठरवलेला चाकू

पंचवटीतल्या एका काकांचा अस्सल स्विस चाकू मी नकली ठरवला, आणि काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घडीचे चाकू जमवणाऱ्याच्या हातून याहून वाईट चूक होत नाही, असं मला वाटतं. लोक त्याच्याकडे येतात ते एवढंच विचारायला, की हे खरं आहे का?

अंजनेरी, हरिहर अशा किल्ल्यांवर जाणाऱ्या आमच्या मंडळींत काका सगळ्यांत ज्येष्ठ. धाकट्या भावाने जर्मनीहून आणलेला लाल मुठीचा चाकू त्यांनी एकदा माझ्या हातात ठेवला. "बघ रे, तुला यातलं कळतं." तेव्हा माझ्याकडचे सगळे चाकू व्हिक्टोरिनॉक्सचे. त्यांच्या मुठीवर ढालीत क्रॉस असतो. काकांच्या चाकूवर गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात होता. कात्रीला मी ओळखत होतो ती बारीक स्प्रिंग नव्हती, उलट तिच्या पात्याला दाते होते. पात्याच्या मुळाशी वेंगर, देलेमों अशी अक्षरं. मी म्हणालो, "काका, ही नक्कल आहे. चांगली आहे, पण नक्कल." माझ्या आवाजात जराही शंका नव्हती, हेच मला आज जास्त टोचतं.

वेंगर ही नक्कल नव्हतीच. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना काढला आणि १८९१ पासून ते स्विस सैन्याला चाकू पुरवू लागले. त्याआधीची पहिली खेप सैन्याला जर्मनीतल्या सोलिंगेनहून मागवावी लागली होती. पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली ती हीच कंपनी. वेंगरची सुरुवात १८९३ ची, फ्रेंच बोलणाऱ्या जुरा भागातली. इबाख जर्मन बोलणाऱ्यांचं. एकाच भागाला झुकतं माप नको म्हणून १९०८ मध्ये सरकारने सैन्याची मागणी दोघांत निम्मी-निम्मी वाटून दिली. म्हणजे काकांच्या हातातला चाकू माझ्या कपाटातल्या चाकूंइतकाच मानाचा होता. त्या कात्रीबद्दल तर मी आता उघड सांगतो, वेंगरची कात्री उजवी आहे. दात्यांमुळे दोरा निसटत नाही आणि तुटायला वेगळी स्प्रिंगच नाही.

हे मला कळलं ते व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतल्याची बातमी वाचून, २००५ मध्ये. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात हातसामानातून चाकू न्यायला बंदी आली, विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री कोसळली, आणि त्या धक्क्यातून वेंगर सावरली नाही. कंपनी परदेशी हातात जाऊ नये म्हणून शतकभराच्या प्रतिस्पर्ध्यानेच ती घेतली. बातमी वाचली त्याच दिवशी मी पंचवटीत जायला हवं होतं. लाजेपोटी टाळत राहिलो. गेलो तेव्हा चाकू घरात नव्हता. नकलीच आहे म्हणून तो स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायला गेला, मग पातं ढिलं झालं आणि कधीतरी भंगारवाल्याकडे. काका म्हणाले, "असू दे रे, तू काय मुद्दाम सांगितलंस?" मुद्दाम नव्हतं, पण माहिती नसताना सांगितलं होतं. भावाची ती एकच आठवण त्यांच्याकडे होती, हेही मला तेव्हाच कळलं.

इथे थांबलो असतो तर बरं. पण या गोष्टीची भरपाई म्हणून की काय, मी मालकांचा इतिहास पाठ करायला घेतला आणि त्यालाच ज्ञान समजलो. कपाटात चिठ्ठ्या लावल्या: २००५ नंतरचा वेंगर म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स. हेही चूकच. मालक बदलला तरी चाकू देलेमों गावातल्या वेंगरच्या त्याच कारखान्यात, त्याच नावाने निघत होते. सत्त्याऐंशी अवजारांचा तो अवाढव्य 'जायंट' चाकू वेंगरने २००६ मध्ये काढला, म्हणजे विक्रीनंतर. चाकूंवरून वेंगरचं नाव काढायचं ठरलं ते २०१३ मध्ये. त्यानंतर देलेमोंचे ८५ मिलिमीटरचे चाकू व्हिक्टोरिनॉक्सची ढाल लावून येऊ लागले. वेंगरच्या ठेवणीचा चाकू आणि मुठीवर दुसऱ्याची खूण! असा एखादा माझ्यासमोर पूर्वी आला असता तर मी तो तुकडे जोडून केलेला बनावट चाकू म्हणून परत दिला असता. खूण मालकाची असते. कोणी, कुठे, कधी बनवला हे सांगायला कात्री, डबा उघडायचं पातं आणि मुळाशी कोरलेली अक्षरं बघावी लागतात. सैनिकांच्या १९६१ च्या ठेवणीतल्या चाकूंवर तर वर्षाचे शेवटचे दोन आकडेही सापडतात. मी ते न बघता बातम्या बघत होतो.

त्याचा फटका बसला तो दुसऱ्यालाच. २०१३ ची घोषणा वाचून मी आमच्यातल्या एका तरुण मित्राला सांगितलं, "वेंगर बंद होतेय, आता घेऊन ठेव, पुढे भाव चढेल." त्याने पहिल्या नोकरीच्या पगारातून चाकू घेतले, तेही घाईत असल्यामुळे चढ्या भावाने. चाकूंवरून हटलेलं नाव आणि दुर्मीळ वस्तू यांतला फरक मी लक्षात घेतला नव्हता. ते साधे, दुकानांतून सर्रास विकले गेलेले चाकू होते, आणि घोषणा ऐकून माझ्यासारख्या अनेकांनी तेच घेऊन ठेवले असणार. भाव चढला नाही. लग्नाच्या खर्चाच्या वेळी त्याने त्यातले काही तोट्यात विकले.

उरलेले तू घेतलेस त्याच किमतीला घेतो असं मी त्याला सांगितलं. तो नको म्हणाला. अजूनही भटकंतीला आम्ही एकत्र असतो आणि तो त्यातलाच एक बरोबर आणतो, पेरू कापायला. माझं मत मात्र तो आता विचारत नाही.