लोड कोण घेतंय?

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. प्रोसेसर कुठला? रॅम किती? ग्राफिक्स कार्ड कुठलं? कॅबिनेटला लाइट्स आहेत का? यात कुणी ‘एसएमपीएस कुठला टाकताय?’ असं विचारलंच, तर सगळे त्याच्याकडे लग्नाच्या हॉलवर ‘जनरेटर आहे ना?’ विचारणाऱ्या काकांसारखं बघतात. पण मंडळी, दिवे गेले की त्या काकांचीच आठवण होते!

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागे जाड काळी वायर जिथे लागते ना, तो पत्र्याचा चौकोनी डबा. भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी वीज. आतल्या नाजूक पार्ट्सना ती पचत नाही. त्यांना हवी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. हा डबा ती तयार करतो आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाढतो.

आमच्या घरात त्याच्याकडे लक्ष गेलं ते सायलीमुळे. सायली, माझी बायको, इंटिरियर डिझायनर. लेक झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि बेडरूमच्या कोपऱ्यात स्वतःचं काम सुरू केलं. क्लायंटच्या फ्लॅटचे थ्रीडी व्ह्यूज, वॉकथ्रू वगैरे. तिचं ऑफिस म्हणजे आमचा डेस्कटॉप. २०२३ मध्ये पहिल्या मोठ्या कामाच्या पैशांतून तिने आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. बसवून देणारा म्हणाला, ‘आहे तोच एसएमपीएस चालेल, बिनधास्त राहा.’

आणि ताप सुरू झाला. ईमेल, सिनेमा, सगळं झकास. रेंडर लावलं की वीस मिनिटांत स्क्रीन काळा आणि मशीन रीस्टार्ट. ना एरर, ना मेसेज. सर्व्हिसवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी रॅम. सायली लेकीला झोपवून रात्री रेंडर लावायची आणि दर तासाला उठून बघायची. मग तिने दोन कामं सोडली. म्हणाली, ‘अरे, मशीनचाच भरवसा नाही, तर मी तारीख कशी देऊ?’ हे मला लागलं. माझा ऑफिसातला पीसी बसला तर मी आयटीवाल्याला फोन लावतो आणि चहाला जातो. तिचा बसला की तिचा शब्द खाली पडतो.

गुंता सोडवला बाबांनी. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेले. कॉम्प्युटरवर पत्त्यांच्या गेमपलीकडे जात नाहीत, पण ‘काम वाढलं की बंद पडतो’ एवढं ऐकलं आणि चष्मा पुसत आले. ‘सॉफ्टवेअर राहू दे रे. सप्लाय किती आहे ते बघ आधी.’

झाकण काढलं. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट! बाबांचं बोट मात्र खालच्या बारीक तक्त्यावर. १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. ‘कर गुणाकार.’ १९२ वॉट. आणि गंमत अशी की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली भूक मुख्यतः या १२ व्होल्टवरच भागवतात. कार्ड १७० वॉटचं, प्रोसेसर ६५ वॉटचा. बेरीज २३५. शिवाय कार्डाची मागणी क्षणभर याच्याही वर उसळते. व्होल्टेज बसणार नाही तर काय! कार्ड बनवणारी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस लावा म्हणते. आमच्या डब्यात कार्डाला लागणारा आठ पिनांचा कनेक्टरसुद्धा नव्हता. कन्व्हर्टर लावून काम भागवलेलं.

शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. ६५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, किंमत ५२०० रुपये. सायलीने विचारलं, ‘यानं स्पीड वाढेल?’ नाही. ‘दिसायला तरी?’ तो तर आत झाकूनच जातो. घरी आल्यावर आईची शंका, ६५० वॉट म्हणजे लाइटबिल वाढणार. बाबा म्हणाले, ‘टाकी मोठी बसवली म्हणून आपण पाणी जास्त पितो का?’ मशीनला लागेल तेवढीच वीज तो ओढतो.

तुम्हीही हा डबा बदलणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. वॉटचा मोठा आकडा बघून भुलू नका, १२ व्होल्टचा गुणाकार करा. ‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णता होते. समजा आतल्या पार्ट्सना ३०० वॉट हवेत. ७० टक्केवाला डबा भिंतीतून ४२९ वॉट ओढेल, ८५ टक्केवाला ३५३. रोज सहा तास काम केलं तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. पण हा शिक्का विजेच्या बचतीचा, टिकाऊपणाचा नव्हे. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते विचारा.

केबल्स सुट्या निघणारं मॉडेल असेल, तर जुन्याच्या केबल्स नव्याला लावू नका. प्लग तोच दिसला तरी आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, हार्डडिस्क जळू शकते. डबा स्वतः तर कधीच उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज उरलेला असतो. आणि यूपीएससुद्धा तपासा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यात मॉनिटरही आलाच.

बसवायला अर्धा तास लागला. चार स्क्रू, तीन-चार केबल्स. त्या रात्री सायलीने रेंडर लावलं आणि चक्क झोपली. सकाळी फाइल तयार.

परवा एका क्लायंटशी फोनवर बोलताना ऐकलं तिला. आधी ती ‘बघते’, ‘ट्राय करते’ म्हणायची. आता म्हणाली, ‘मंगळवारी संध्याकाळी मिळेल.’ ५२०० रुपयांत हे वाक्य मिळत असेल, तर सौदा महाग नाही.