नाताळ, नालासोपारा वेस्ट

डिसेंबर लागला की आम्हा फ्रीलान्सर मंडळींना दोन फोन हमखास येतात. एक, ‘थर्टीफर्स्टला कुठे जाल’ यावर लिही. दोन, ख्रिसमसवर काहीतरी हटके दे. यंदा दुसरा फोन आधी आला. घरच्या घरी डेकोरेशन, घरच्या घरी केक, वाचकांना करून बघता येईल असं. फोटो एकदम कलरफुल हवेत. मी लगेच हो म्हटलं. (डिसेंबरचं घरभाडं, दुसरं काय!)

खरं सांगू? माझा ख्रिसमस म्हणजे वांद्र्याचा हिल रोड. दुकानांबाहेर लटकणाऱ्या रेडिमेड चांदण्या, कापसाचा बर्फ आणि ऑफिसात कुणीतरी आणलेल्या प्लम केकचा एक चतकोर तुकडा. यात ‘घरच्या घरी’ कुठून आणायचं? शेवटी कॉलेजमधल्या एका मित्राला फोन लावला. पठ्ठ्या पवईला एका आयटी कंपनीत आहे आणि मूळचा वसई तालुक्यातला. म्हणाला, “शनिवारी ये. पण फोटो काढायला नको, काम करायला ये. या वर्षी माणसं कमी आहेत.” मग जरा थांबून, “आणि मी जानेवारीत टोरांटोला चाललोय. वर्क परमिट आलं.”

तर शनिवारी सकाळी मी चर्चगेटहून विरार फास्ट पकडली. आणि मला खिडकी मिळाली! रोजचे विरारकर हे वाचून मला शोधत येतील, पण गर्दी सगळी दक्षिणेकडे वाहत असताना उलट्या दिशेने जाण्याची मजाच और. भाईंदर सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते, वारा एकदम खारट होतो आणि मुंबई संपली असं वाटतं. ती संपत नाही. नायगाव, वसई रोड करत विरारच्या आधीचं स्टेशन येतं, नालासोपारा. तेच ते प्राचीन शूर्पारक, जिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला. आज मात्र स्टेशनबाहेर आधी दिसतात त्या इमारती, इमारतींना चिकटलेल्या इमारती आणि शेअर रिक्षांची रांग. निर्मळच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं रिक्षा गेली की मग सीन बदलतो. केळीच्या बागा, पानवेली, नारळ, विहिरी. मध्येच एक पांढराशुभ्र क्रूस, त्यावर झेंडूचा ताजा हार.

इथे थोडा इतिहास सहन करा, कारण त्याशिवाय पुढचा फराळ कळणार नाही. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. दोनशे पाच वर्षं. त्या काळात इथली अनेक गावं ख्रिस्ती झाली आणि मराठे आल्यावरही तशीच राहिली. माझा मित्र सामवेदी ख्रिस्ती. ही मंडळी स्वतःला कुपारी म्हणवतात, घरात कादोडी बोलतात आणि चर्चमध्ये प्रार्थना मराठीत करतात. उस्मानाबादला (म्हणजे आजच्या धाराशिवला) जानेवारी २०२० मध्ये जे ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच पट्ट्यातल्या नंदाखालचे. तेव्हा ‘तुमच्यात ख्रिसमसला काय असतं?’ हा माझा पहिलाच प्रश्न मित्राने हवेत उडवला. “ख्रिसमस तुमच्यात. आमच्यात नाताळ.”

ओट्यावर आजी बसल्या होत्या. लाल लुगडं, कानात जड सोनं, समोर बांबू आणि कोयता. मला नाव-गाव काहीही न विचारता त्यांनी पाच काड्या हातात दिल्या. “बांध.”

चांदणी कशी करतात ते लिहून देतो, कारण मी ती केली आहे! दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाचांची एक चांदणी, पाचांची दुसरी. शाळेच्या वहीवर पेन न उचलता काढायचो ना, तशीच. जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे दोऱ्याने घट्ट आवळायचं. मग दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत चार-चार इंचांचे तुकडे आडवे खोचायचे. की चांदणी फुगते. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ लावून. थोडक्यात, आपला आकाशकंदीलच. एका टोकाकडचा कागद मोकळा ठेवायचा, बल्ब आत सोडायला. पूर्वी साधा पिवळा बल्ब असायचा आणि वाऱ्याने कागद त्याला टेकला की चांदणी जळायची, असं काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे मित्राची आई. एलईडी आल्यापासून ती भीती गेली. माझी पहिली चांदणी चार टोकांची झाली. कशी ते विचारू नका, भूमितीत मी काठावर पास आहे.

अंगणाच्या कोपऱ्यात गोठा उभा राहणार होता, म्हणजे येशूजन्माचा देखावा. त्यासाठी पसरट ताटात माती घालून त्यात नाचणी पेरायची. आपल्याकडे नवरात्रात घट बसवतात, अगदी तसंच. दहाएक दिवसांत बोटभर हिरवळ येते आणि तीच गोठ्यासमोरची कुरणं. मेंढ्या मातीच्या, छप्पर पेंढ्याचं. बाळ मात्र आत्ता ठेवायचं नाही. ते २४च्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात, रुमालात गुंडाळलेलं. नाचणी पेरताना मित्राने हळूच हिशेब केला. “२४ला मी इथे आहे. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठा उतरवतील तेव्हाही आहे. फ्लाइट अकराला.” कुणी काही बोललं नाही. काकू पाणी शिंपडत राहिल्या.

दुपारी कुलकुल. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ, तुपाचं मोहन. घट्ट मळायचं. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखा आकार येतो, वर रेघा. तळून पाकात घोळवायचं. एकाने बसून करायचं हे काम नाही. गोळ्या संपतच नाहीत! पूर्वी आळीतल्या दहा-बारा बायका आज या घरी, उद्या त्या घरी असं करायच्या. आता कुणाची शिफ्ट, कुणाची मुलं न्यूझीलंडला. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो आणि त्यातला एक पाहुणा फणीत पीठ अडकवून बसलेला. आजी माझ्याकडे बघून इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसले.

शेजारच्या परातीत नेवऱ्या होत्या. म्हणजे करंज्या हो! पलीकडे शंकरपाळे, चकल्या. म्हटलं, हा तर दिवाळीचा फराळ. काकू म्हणाल्या, “मग? दिवाळीत शेजारून आमच्याकडे येतो, नाताळला आमच्याकडून जातो.” मला उगाच माझी दिवाळी आठवली. डेडलाइन होती म्हणून फराळ ऑनलाइन मागवून साताऱ्याला घेऊन गेलो होतो. आईने डबा उघडला, ‘छान आहे’ म्हणाली आणि झाकण लावलं.

आणि आता केक. मला बोलावलं होतं ते खरं तर यासाठी, हे शनिवारी रात्री कळलं.

आजींचा रव्याचा केक आळीत फेमस आहे आणि त्याची रेसिपी कुठेही लिहिलेली नाही. मित्राने डिजिटल वजनकाटा आणला होता, मोबाइलमध्ये नोट उघडून तयार. आजींनी माळ्यावरचा जुना तराजू काढायला लावला. एका पारड्यात आठ अंडी, अख्खी, कवचासकट. दुसऱ्यात साखर, पारडी समान होईपर्यंत. मग साखर काढून तेवढाच रवा. लोणी ‘त्याहून थोडं कमी’. ओल्या खोबऱ्याची ओंजळ, वेलची, जायफळ. मित्र प्रत्येक वेळी वाटी पळवत डिजिटल काट्यावर ठेवायचा. अंडी ४२४ ग्रॅम. आजी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी अंडी मोठी आली तर?” गडी गप्प. साखर-लोणी एकाच दिशेने फेटायचं, हात दुखला की हात बदलायचा, दिशा नाही. रवा कालवून रात्रभर झाकून ठेवला.

रविवारी मिस्सा आटोपून सगळे घरी आले आणि मागच्या पडवीत चूल पेटली. मोठ्या पातेल्यात समुद्राची धुतलेली रेती, त्यावर केकचं भांडं, वर जड झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालची आच रेतीतून सावकाश पोचते, पण वरची बाजू नुसत्या चुलीने भाजली जात नाही, म्हणून डोक्यावर निखारे. टोरांटोच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार केला तर फायर ब्रिगेड येईल. म्हणून अर्धं मिश्रण ओटीजीत, १८० डिग्रीला.

“किती वेळ?” मित्राने विचारलं.

“वास आला की उघडायचं. त्याआधी नाही.”

आणि गोची इथेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये आजींना कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला. वास गेला तो आजतागायत परत आलेला नाही. गोड-खारट कळतं, बाकी नाही. तेव्हापासून दर नाताळला चुलीपाशी काकू उभ्या राहतात आणि आजींना वास सांगतात. या वेळी काकू म्हणाल्या, “मी बाहेर थांबते. तो सांगेल.”

मित्र चुलीजवळ उकिडवा बसला. आजी पाटावर, त्याच्याकडे पाठ करून. मला वाटतं मुद्दामच.

“काय येतंय?”

“अंड्याचा वास. कच्चट.”

“थांब.”

बऱ्याच वेळाने, “आता?”

“लोणी. आणि वेलची आहे.”

“वेलची आधी येते, तिच्यावर विश्वास ठेवू नको. थांब.”

निखारे राखाडी झाले. काकू आत डोकावून परत गेल्या.

“खोबरं,” मित्र म्हणाला. “भाजलेलं खोबरं.”

“थांब.”

“आजी, जळेल.”

“नाही जळत. थांब.”

मलाही काहीतरी वेगळं जाणवलं, पण मी तोंड उघडलं नाही. मित्राने मान वर केली. “शिरा. कुणीतरी शिरा करतंय असा वास येतोय.”

“काढ!”

चुलीवरचा केक ५२ मिनिटांनी निघाला होता. कडा गडद, वरून थोडा धुरकट, मध्ये किंचित बसलेला. गंमत म्हणजे ओटीजीवाला ३८ मिनिटांतच शिऱ्यावर आला होता. मित्राने तोही नाकानेच काढला, टायमर वाजायच्या आत. वास त्याच क्रमाने आले. अंडं, लोणी, खोबरं, शिरा. तो नोटमध्ये मिनिटं टाइप करायला लागला तेव्हा आजींनी मोबाइल हातातून घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला. “हे आकडे कशाला? तिथली चूल वेगळी असेल.” त्याने आकडे खोडले.

दोन्ही केकचे तुकडे आजींसमोर ठेवले. त्यांनी दोन्ही बोटांनी चुरून पाहिले, खाल्ले. रेतीवरचा कुठला, हे ओळखता आलं नाही त्यांना. “साखर बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या आणि ओटीजीतला अजून एक तुकडा घेतला.

तुम्हाला जायचं असेल तर: वेस्टर्न लाइनवर नालासोपारा किंवा वसई रोड, पश्चिमेला उतरायचं. गावागावांतले गोठे आणि चांदण्या बघायच्या तर २४च्या संध्याकाळपासून ६ जानेवारीपर्यंत कधीही. रस्त्यावरून दिसतात तेवढे बघा. लोकांच्या ओट्यावर बिनबोलावता चढून सेल्फी नको, प्लीज. घरी चांदणी करणार असाल तर कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजवा, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. माझी परतीच्या लोकलमध्ये रॅकवर ठेवली होती, अंधेरीला चढलेल्या बॅगांनी तिचं एक टोक गेलं. आता ती चार टोकांचीच खिडकीत लावली आहे. आणि लाल पतंगाचा कागद आधीच आणून ठेवा. शेवटच्या आठवड्यात सगळीकडे पिवळाच उरतो.