नाव, पत्ता आणि सोळा शून्ये





आपल्या शाळेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला स्कॉलर नंबर मिळतो. वर्गात आपण त्याला नावाने हाक मारतो, पण कार्यालयातली कागदपत्रे नंबराने सापडतात. नाव आणि नंबर यांची गाठ घालणारे ते जाड स्कॉलर रजिस्टर बाबूजींच्या कपाटात कुलूपबंद असते. संगणकाच्या पोटातही असेच एक रजिस्टर असते. त्याच्याविषयी आज चार शब्द.

संगणक सुरू केला की ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत येऊन बसतो. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ द्यायचा, स्मृती कशी वाटायची, छपाई यंत्राशी कोणी बोलायचे, हे सारे तोच ठरवतो. माणसांनी तो लिहिताना प्रत्येक कामाला नाव दिलेले असते. उदाहरणार्थ, पाळी ठरवणाऱ्या कामाचे नाव लिनक्समध्ये 'शेड्यूल' असे आहे. यंत्राला मात्र नाव कळत नाही, त्याला स्मृतीतला पत्ता लागतो. नाव आणि पत्ता यांच्या यादीला 'सिम्बल टेबल' म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या पुस्तकांत टेबलला 'सारणी' म्हणत, त्यामुळे मी मनात याला 'नावांची सारणी' म्हणते. मुलांनाही तो शब्द पटला.

ही सारणी हवी कशाला? नवा ड्रायव्हर कर्नलला जोडताना त्याला कर्नलमधल्या कामांचे पत्ते लागतात. आणि कर्नल मध्येच कोलमडला तर हाती येतात ते नुसते आकडे. सारणी असली की त्या आकड्यांची नावे होतात आणि दोष कोणत्या कामात होता ते उमगते.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या परंपरेत यंत्राचे भागसुद्धा फाइलसारखे उघडून वाचता येतात, आणि असे दरवाजे 'डेव्ह' या फोल्डरात असतात. पूर्वी सारणी पाहायची तर डिस्कवरची कर्नलची फाइल उघडून पत्ता काढत आणि मग 'के-मेम' या दरवाज्यातून स्मृतीतला तो पत्ता वाचत. यात एक मोठी अडचण होती. डिस्कवर नवा कर्नल ठेवला, पण यंत्र अजून जुन्यावरच चालू असले, तर पत्ते जुळत नसत. गेल्या वर्षीच्या रजिस्टरवरून या वर्षीची हजेरी घेण्यासारखेच ते!

म्हणून सोलारिस, नेटबीएसडी, ओपनबीएसडी यांनी 'के-सिम्स' नावाचा दरवाजा ठेवला. तो उघडला की चालू असलेला कर्नल स्वतःच आपली सारणी वाचायला देतो. त्यात खाडाखोड करता येत नाही, फक्त वाचता येते. लिनक्समध्ये हेच काम 'प्रॉक' फोल्डरातली 'कॅलसिम्स' ही फाइल करते. उलट 'के-मेम' हा जुना दरवाजा लिनक्सने २०२१ मध्ये काढूनच टाकला.

आपल्या संगणक कक्षात अकरावीच्या मुलांनी ही फाइल उघडली. हजारो नावे झरझर सरकली, पण प्रत्येक नावाआधी पत्त्याच्या जागी सोळा शून्ये! "मॅडम, मशीन खराब आहे का?" एकीने विचारले. मशीन अगदी ठीक होते. पत्ता हाती लागला तर दुष्ट प्रोग्रामला नेमका घाव घालता येतो, म्हणून साध्या वापरकर्त्याला कर्नल नावे दाखवतो आणि पत्ते झाकतो. खरे पत्ते 'रूट', म्हणजे यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याला दिसतात. शिवाय २०१४ पासून लिनक्सला प्रत्येक वेळी सुरू होताना आपली जागा बदलता येते, आणि २०१७ पासून ती सोय मुळातच चालू असते.

यावरून विश्वस्तांच्या बैठकीत चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मुलांच्या हाती किल्ली द्यायचीच कशाला?" काही पालकांनाही हीच काळजी आहे. ती मी हसण्यावारी नेत नाही, कारण कार्यालयातल्या संगणकात तुमच्याच मुलांचे गुण, जन्मतारखा आणि पत्ते आहेत.

पण घरातली वीज धोक्याची म्हणून आपण भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बंद करत नाही, तिथे सेलवर प्रयोग करतो. तसेच येथे केले आहे. एक जुना संगणक वेगळा काढला, त्याची नेटवर्कची तार काढली आणि त्यात शाळेची एकही नोंद ठेवली नाही. त्या एका यंत्रावर अकरावीची मुले शिक्षकांसमोर रूट म्हणून बसतील. कार्यालयाच्या संगणकाची किल्ली कोणालाही मिळणार नाही. वर्गमित्राचा पासवर्ड मागणे किंवा चोरून पाहणे हा पूर्वीप्रमाणेच शिस्तभंग राहील.

मुलांना पहिला स्वाध्यायही देते. त्या यंत्रावर कर्नलच्या स्वतःच्या कोणत्याही दोन कामांचे पत्ते वहीत लिहा आणि त्यांची वजाबाकी करा. आकडे सोळाच्या पाढ्याचे आहेत, 'ए' म्हणजे दहा आणि 'एफ' म्हणजे पंधरा, हे विसरू नका. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा आणि तेच पत्ते पाहा. दोन्ही बदललेले दिसतील, पण वजाबाकी तीच येईल. असे का, ते दहा ओळींत मराठीत लिहून आणा. इंग्रजी शब्द अडला तर हिंदीतला चालेल, मला समजतो.

पालकांनीही एखाद्या शनिवारी कक्षात यावे. आपली मुले काय उघडतात आणि काय उघडत नाहीत, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

आपली,
प्राचार्या