बातमीचा परवाना

आमच्या साताऱ्याच्या घरी रेडिओशेजारच्या कोनाड्यात एक लहानशी पुस्तिका असे, आणि तिचा मान घरात रेडिओहून तसूभरही कमी नव्हता. कारण रेडिओ नुसता ऐकायलाही त्या काळी सरकारचा परवाना लागे, दरसाल टपाल कचेरीत जाऊन त्याची फी भरावी लागे, आणि तिकीट डकवून नूतनीकरण झाले म्हणजे वडील ती पुस्तिका जमिनीच्या दस्तऐवजाइतक्या काळजीने जागच्या जागी ठेवीत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात धरणीकंप झाला. साताऱ्यातही भिंती हादरल्या, सारी आळी अंगणात आली, आणि शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवरून कोयनानगरच्या विध्वंसाची वार्ता पुढे कानी पडली तेव्हा, आपल्याच पायांखाली जे घडले त्याचा अर्थ दूरच्या शहरातून आलेल्या आवाजाने आम्हांला कळला. त्या आवाजावरचा आमचा विश्वास निःशंक होता, आणि म्हणूनच आठ वर्षांनी त्याला बसलेला धक्का अधिक खोल गेला. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून आणीबाणीची घोषणा केली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, आणि देशातला रेडिओ तर सर्वस्वी सरकारचाच असल्यामुळे, ज्यांना तुरुंगात टाकले त्यांच्याविषयी सत्य जाणण्यासाठी वडील रात्री दार लावून घेऊन लघुलहरींवर बीबीसी शोधू लागले. वातावरणाच्या वरच्या थरांत आयनांबरावर आदळून परावर्तित होणाऱ्या त्या लहरींना सरहद्दीचा मज्जाव नसतो. आवाज खोल जाई, विरे, पुन्हा वर येई, आणि वडील सेटला कान लावून तो विरलेला शब्द परत येण्याची वाट पाहत.

ऐकण्याचा परवाना पुढे रद्द झाला. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००१ पासून खासगी एफएम केंद्रेही सुरू झाली. परंतु गाणी, गप्पा आणि जाहिराती यांना मोकळे असलेले ते दार बातमीला मात्र बंदच राहिले. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकवण्याची मुभा त्यांना मिळाली, हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल आणि स्थानिक प्रशासनाच्या सूचना यांची गणना बातमीत करू नये असेही ठरले. पण उद्या नळाला पाणी येणार नाही ही सूचना सांगता यावी आणि ते का येणार नाही याचा शोध घेऊन मात्र सांगता येऊ नये, ही मर्यादा मला आजवर न्याय्य वाटलेली नाही.

आता माझ्या फोनवर पॉडकास्ट आहेत. त्यांना मनोरा लागत नाही, लहर लागत नाही, परवानाही लागत नाही. कोणीही बोलावे, ध्वनिमुद्रित करावे आणि जगभर पाठवावे. त्यांतले दीर्घ, अभ्यासू संवाद मी मनापासून ऐकतो, मात्र माझ्या तालुक्याची त्या दिवसाची खबर मला त्यांत क्वचितच सापडते. आमच्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक केंद्र आहे, तिथल्या माणसांना माणदेशाचे पाणी, गुरे, बाजार यांची खडान्‌खडा माहिती आहे, आणि बातमी देण्याचा अधिकार मात्र नाही.

स्वातंत्र्याचा गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ साली उठले, आणि तिथला चर्चेचा रेडिओ किती एकांगी झाला, ते जगाने पाहिले. पण जो बेजबाबदार बोलणार, त्याला आज फोनवर कोण अडवते? उलट, परवानाधारक केंद्राला पत्ता असतो, चालक असतो, प्रक्षेपित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण काही काळ जपून ठेवण्याचे बंधन असते. बोललेल्या शब्दाचा जाब विचारायला आपण त्याच्या दारी जाऊ शकतो.

खासगी एफएम केंद्रांना दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली आहे. सरकारने ती मान्य करावी, आणि तीच मुभा म्हसवडसारख्या लहान केंद्रांनाही द्यावी.